ससाण्यांची आंगवण

पेडणे तालुक्यातल्या त्या गावी माझे घरमालक भाई सोडा विकत, आणि कोणी कोणता सोडा प्यायचा हे ते स्वतः ठरवत. गिऱ्हाईक बाकावर बसले की भाई प्रथम त्याच्या तोंडाकडे पाहत. उन्हातून चालत आलेल्याने लेमन मागितले तरी त्याला साधा सोडाच मिळे, आणि घरी भांडून आलेल्याला, त्याने काही न मागता, आल्याचा. "तुमचो घसो बसलोलो आसा. रंगाचा पाणी तुमका नको," असे म्हणून त्यांनी एकदा खुद्द मामलेदारांच्या हातातली बाटली काढून घेतली होती. मामलेदार निमूटपणे साधा सोडा प्याले. त्यांचा घसा खरोखरच बसला होता की नाही, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

मी सावंतवाडीहून तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला गेले तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. घरात ते आणि त्यांची बायको, काकी, दोघेच. मूलबाळ नव्हते. घरामागे चिऱ्यांची एक शेड होती. तिथे गॅसचे सिलिंडर, बाटल्या हलवायचे लोखंडी चक्र आणि गोळीच्या हिरवट बाटल्यांचे क्रेट असत. शेडच्या छपरावर लाकडी खुराडे होते आणि त्यात भाईंची कबुतरे. पारवे, असे ते म्हणत. ती गिरेबाज जातीची होती. बेळगावहून टोपलीत बसवून, स्वतःच्या मांडीवर घेऊन त्यांनी ती आणली होती. उंच जाऊन ती हवेत उलट्या कोलांट्या घेत, तेव्हा भाईंची मानही त्यांच्याबरोबर मागे मागे जाई आणि काकी आतून ओरडत, "पडशात! मागे क्रेट आसा!"

घराच्या बलकांवातून, म्हणजे पुढच्या बसायच्या ओसरीवरून, समोर भातशेत दिसे आणि शेतापलीकडे चर्च. चर्चला एकच मनोरा होता; दुसरा बांधायचा राहून गेला होता. शेताच्या अलीकडे हिंदूंचा वाडा, पलीकडे ख्रिस्त्यांचा. मधल्या बांधावरून दोन्हीकडची माणसे वर्षानुवर्षे ये-जा करीत आली होती. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, भाईंचा सोड्याचा मांड दाराच्या अगदी जवळ असे, आणि देवळाच्या जत्रेला पलीकडची मंडळी हक्काने पहिल्या बाकावर बसत.

मी गेले ते दिवस मात्र निराळे होते. मराठी की कोंकणी, हा भाषेचा वाद पेटला होता. राज्य मिळायचे होते, राजभाषा ठरायची होती. भिंतींवर चुन्याने आणि डांबराने घोषणा लिहिल्या जात होत्या. गंमत अशी की दोन्ही वाड्यांतली माणसे घरात जे बोलत ते मला, बाहेरून आलेलीला, एकसारखेच वाटे. पण हे मी कधी कोणाला बोलून दाखवले नाही. गावात भांडण झाले नाही. फक्त बांधावरची पायवाट गवताने भरत चालली.

त्याची झळ सर्वांत जास्त काकींना लागली. फेस्त कमिटीचे प्रेजिदेंत मिगेलबाब. त्यांची बायको रोझालीन ही काकींची मैत्रीण. रोज दुपारी ती बांधावरून यायची. दोघी मिळून चिंच सोलायच्या, सांडगे घालायच्या, सगळ्या गावाची उणीदुणी काढायच्या. त्या वर्षी तिचे येणे थांबले. कोणी तिला अडवले नव्हते, काकीही काही बोलल्या नव्हत्या. काकी चिंच एकट्याच सोलत आणि मध्येच थांबून शेताकडे बघत. मी विचारले तर म्हणत, "उजेड बघतंय, बाय."

अशा त्या हिवाळ्यात ससाण्यांची जोडी आली.

पहिल्या दिवशी आम्हाला ससाणा दिसलाच नाही. कबुतरे वर होती, भाईंची मान मागे गेलेली होती, आणि आकाशात काही तरी फुटल्यासारखे झाले. पांढऱ्या पिसांचा एक गोळा हवेतच राहिला आणि सावकाश खाली आला. बाकीची कबुतरे दगडासारखी शेडवर कोसळली. भाई धावत बांधापर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन पिसे होती आणि तोंडात असे शब्द, की काकींनी मला आत बोलावून दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून दुर्बीण काढली. पत्रादेवीच्या नाक्यावर पूर्वी असलेला एक पोर्तुगीज शिपाई (गोऱ्या पोर्तुगिजाला तिकडे पाखलो म्हणतात) देश सोडून जाताना ती भाईंना देऊन गेला होता. तिच्या एका काचेवर बुरशी चढलेली असल्यामुळे भाई एकाच डोळ्याने बघत, आणि दुसरा डोळा इतका घट्ट मिटत की तो सगळा गालच वर चढे. ससाण्यांच्या वेळा समजून घ्यायच्या आणि ते दूर गेले की पारवे उडवायचे, एवढाच त्यांचा बेत होता. "शत्रूची चाल कळाक होयी, टीचर," ते मला म्हणाले.

मी शाळेच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचे पुस्तक आणले. पाठ पाटीसारखी करडी, पोट तांबूस, गालांवर काळे कल्ले. बहिरी ससाणा, असे मी वाचून दाखवले. भाईंनी नाव ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. कल्ल्यांवरून त्यांना जुने जमीनदार आठवले असावेत. त्यांनी जोडीतल्या मोठ्याचे नाव ठेवले भाटकार, म्हणजे जमीनमालक. आणि लहान, जो सारखा दूर जाऊन भक्ष्य आणायचा, तो मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर बांधून राहणारे कूळ.

"बघा, टीचर, मुंडकार हाडून देता, भाटकार बसान खाता," ते दुर्बिणीमागून सांगत.

"ह्यात नवल ता काय?" काकी चिंचेवरून मान वर न करता म्हणाल्या. "असाच आसता."

पुढे मनोऱ्याच्या एका रिकाम्या कोनाड्यात भाटकार दिवसचे दिवस बसून राहू लागला. डोक्यावर चर्चची घंटा वाजे तरी हलत नसे. मी पुस्तक पुन्हा उघडले आणि भीत भीत सांगितले की या जातीत मादीच मोठी असते. भाईंनी पुस्तकातले चित्र नीट निरखले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केले, "गो, ऐकलंस? भाटकार बायल आसा!"

"माका आधीच ठाऊक होता," आतून उत्तर आले. "पुरूस इतको वेळ एका जाग्यार बसात?"

शत्रूची चाल समजून घेता घेता भाई कधी फितूर झाले, हे मला नेमके सांगता येणार नाही. कबुतरे ते आता फार थोडा वेळ सोडत, तेही घाईने. पण दुर्बीण खाली ठेवत नसत. मुंडकार भक्ष्य घेऊन आला की भाटकारीण कोनाड्यातून झेपावे, त्याच्या खाली जाऊन हवेतच पाठीवर उलटी होई आणि त्याच्या पायांतले भक्ष्य आपल्या पायांत घेई. ही देवघेव पहिल्यांदा पाहिली तेव्हा भाईंनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली आणि स्वतः, जणू कोणी दम दिला असावा तसे, बाकावर बसून राहिले. "माझे पारवे कोलांटी मारतत, ती खेळाची," ते शेवटी म्हणाले. "ही पोटाची."

पिल्ले निघाली. पांढऱ्या कापसाचे तीन गोळे. तोपर्यंत भाई गिऱ्हाइकांना सोडा विचारून देऊ लागले होते. त्यांचे लक्षच नव्हते. लोकांना ते मुळीच आवडले नाही.

भाईंनी जपूनही मध्ये मध्ये एखादे कबूतर जाई, आणि त्याची पिसे चर्चच्या दारात पडत. गावात त्यावरून विनोद होऊ लागले. आमच्या वाड्यातली पोरे बाकावर बसून म्हणायची, "भाई, तुमचे पारवे मराठी आणि ससाणो कोंकणी. केंद्राकडे तक्रार करा." पलीकडे म्हणे असे बोलत, की ससाणा सीमेपलीकडून आलेला आहे, आमचा नव्हेच. हसत हसतच बोलत सगळे. पण त्या दिवसांत हसण्याकडेही कान देऊन ऐकावे लागे.

फेस्त जवळ आले तेव्हा एका संध्याकाळी मिगेलबाब बांधावरून आले. कितीतरी महिन्यांनी त्या वाटेने कोणी आले होते. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. काकींनी त्यांच्या मागे कोणी आहे का ते पाहिले. कोणी नव्हते.

भाईंनी त्यांना आल्याचा सोडा दिला. मिगेलबाबनी अर्धी बाटली संपवली आणि पाठ केल्यासारखे बोलू लागले. "भाई, कमिटीन ठरयलां. फेस्ताआदीं मनोऱ्याक चुनो काडपाचो आसा. तेन्ना तें घोंटेर आमी काडून उडयतात. तुमचीं पारवीं खातात, आनी लोक कितेंय उलयतात. आमकां तें नाका. तुमी आमचे शेजारी." मग थोडे थांबून, आपल्या स्वतःच्या शब्दांत, "म्हाका लज दिसता, भाई. इगर्जेच्या दारांत तुमचीं पिसां."

मनोरा रंगवताना घरटे काढून टाकायच्या त्या बोलण्यात जराही खोट नव्हती. सगळे एकमेकांपासून दूर सरकत असताना पलीकडच्या वाड्याने शोधून काढलेले ते एक चांगले काम होते. ते नाकारणे म्हणजे पुढे केलेला हात झिडकारणे. शिवाय भाईंनी ससाण्यांची बाजू घेतली असती तर आमच्या वाड्यातल्या पोरांनी ते हसण्यावारी नेले नसते. भाई उभे होते, दुर्बीण गळ्यात होती. त्यांनी मिगेलबाबची रिकामी बाटली घेतली, दुसरी भरलेली हातात दिली आणि म्हणाले, "उपकार झाले, मिगेलबाब."

मिगेलबाबचा चेहरा उजळला. ते गेले. भाई त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा चर्चपुढे बांबू येऊन पडले होते आणि दोन माणसे मनोऱ्याला परांची बांधू लागली होती. भाटकारीण त्यांच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. शेताच्या अलीकडे ऐकू येत होते. भाई बलकांवातून उतरले ते थेट बांधावर. पायांत वहाणा नव्हत्या. "टीचर, चला," एवढेच म्हणाले. मी गेले. ते काय बोलणार आहेत याची मला कल्पना नव्हती, आणि आज वाटते, त्यांनाही नव्हती.

चर्चच्या पायऱ्यांवर वृद्ध पाद्रीबाब उभे होते, शेजारी मिगेलबाब, आणि कमिटीतले चारपाच जण.

"पाद्रीबाब," भाई धापा टाकत म्हणाले, "थांबवा. माझी आंगवण आसा."

आंगवण म्हणजे नवस. त्या भागात हिंदूंनी चर्चला नवस बोलणे, मेणबत्ती लावणे, तेल घालणे ही काही नवी गोष्ट नव्हती. आणि नवसाच्या आड कोणी येत नाही; ना पलीकडचे, ना अलीकडचे. परांचीवरच्या माणसांचे हात जागच्या जागी थांबले.

"कसली आंगवण?" पाद्रीबाबनी विचारले.

"ती पिलां उडापर्यंत त्यांका कोणी हात लावचो नाय."

"पूण तुमचीं पारवीं?" मिगेलबाब गोंधळून म्हणाले.

भाईंनी मनोऱ्याकडे पाहिले. "तीच आंगवण," ते म्हणाले. "पिलां उडापर्यंत माझे पारवे त्यांचे."

"आनी मागलां कितें?" पाद्रीबाबनी अगदी सौम्यपणे विचारले.

हा प्रश्न येईल हे भाईंच्या ध्यानात आले नव्हते. एवढा नवस बोलायचा तर मागणेही तेवढेच मोठे हवे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बांबूंकडे पाहिले. "घरकान्नीची कंबर," ते म्हणाले. "ती... उठाक शकना नाय."

काकींची कंबर ठणठणीत होती. त्याच पहाटे त्यांनी विहिरीचे पाणी शेंदून सगळ्या बाटल्या धुतल्या होत्या. पाद्रीबाबनी भाईंच्या अनवाणी पायांकडे बराच वेळ पाहिले. त्यांना काय कळले आणि काय नाही, मी सांगू शकत नाही. त्यांनी हात वर करून परांचीवरच्या माणसांना खाली यायची खूण केली.

परतताना भाई बांधावर उड्या मारायचे तेवढे बाकी राहिले होते. घरी येऊन त्यांनी काकींना सारे सांगितले, एखादी युक्ती साधल्याच्या आनंदात.

काकींच्या हातातली वाटी खाली पडली. "खोटी आंगवण? देवाच्या दारात उभे ऱ्हवान?"

"मग काय करतलंय होतंय? आता खुराड्याक कडी घालूया, म्हणजे पारवेय वाचले—"

"कडी घालूची नाय," काकी म्हणाल्या. "बोललास ना, पारवे त्यांचे? मग दर सकाळी सोडूचे. जो जायत तो जायत. आणि मी उठाक शकनंय नाय, नाय का? बरा." असे म्हणून त्यांनी खोचलेला पदर सोडला, आतली खाट ओढून खिडकीशी घेतली आणि तिच्यावर आडव्या झाल्या. "बाय, आमटी चुलीर आसा. बघ."

मला वाटले, हा राग दोन दिवसांत उतरेल. पण त्याच दुपारी बांधावर रंगीत छत्री दिसली. रोझालीन होती. हातात फडक्यात बांधलेले पाव आणि बशीत पेराद, म्हणजे पेरूची वडी. ती खाटेशी आली, काकींकडे पाहिले आणि रडू लागली. "इतलें दुखता आनी म्हाका सांगूंक ना?"

काकी कण्हल्या. मी आजवर ऐकलेल्यांतले ते सर्वांत बेताल कण्हणे होते, पण रोझालीनला पुरेसे झाले. तिने पाठ चोळायला तेल गरम केले. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघींना घेऊन आली. पलीकडच्या बायका येतात म्हटल्यावर आमच्या वाड्यातल्या कशा मागे राहतील? शेजारच्या सुमनवहिनी आल्या, त्यांच्या मागून त्यांच्या जावा आल्या. सुरुवातीला दोन्हीकडच्या बायका खाटेच्या दोन बाजूंना बसत आणि फक्त रोग्याशी बोलत. मग कंबरेला कोणते तेल चांगले यावरून त्यांच्यात वाद झाला. तो इतका रंगला की काकी उठून बसल्या आणि मला डोळ्यांनी खुणवावे लागले. संध्याकाळपर्यंत कोणीतरी चिंच काढली.

इकडे भाई रोज सकाळी खुराड्याची कडी काढत. कबुतरे वर जात. भाई दुर्बीण लावत. कधी सगळी परत येत, कधी एखादे नाही. त्यांची सर्वांत लाडकी, काळ्या शेपटीची मादी गेली, ते मी पाहिले. भाटकारिणीने तिला कोनाड्यात नेले. पिल्ले आता करडी झाली होती आणि एकमेकांना ढकलत चोच पुढे करीत होती. भाईंनी शेवटपर्यंत दुर्बीण खाली घेतली नाही. "खाल्ल्यानी," ते म्हणाले. "तिघांकय मिळाला." मग शेडमध्ये जाऊन त्यांनी चक्र फिरवायला घेतले, आणि पुष्कळ वेळ, बाटल्या भरून झाल्यावरही, ते फिरवत राहिले.

फेस्त झाले. त्या वर्षी चर्च खालून पांढरेशुभ्र आणि मनोरा पावसाळ्याच्या शेवाळाने काळा, असेच उभे होते. पाहुणे विचारत, आणि दोन्ही वाड्यांतली माणसे एकाच सुरात सांगत, भाईंची आंगवण आहे. भाईंचा मांड नेहमीच्या जागी होता. त्यांनी लोकांना काय प्यायचे ते पुन्हा सांगायला सुरुवात केली होती.

पहिले पिल्लू फेस्तानंतर उडाले, दुसरे त्याच्यापाठोपाठ. तिसरे मात्र कोनाड्याच्या काठावर येऊन पंख झोडपी आणि परत आत जाई. रोज दुपारी खोलीत शिरताना बायका प्रथम बलकांवात थांबून विचारत, "भाई, उडलें?" ते उडेल त्या दिवशी काकी बऱ्या होणार, हे सगळे धरून चालले होते. रोझालीनने त्या दिवसासाठी मेणबत्तीही आणून ठेवली होती. खुराड्यात आता निम्म्याहून कमी कबुतरे उरली होती, आणि भाई त्यांच्याकडे बघण्याचे टाळत.

एका सकाळी मी दुर्बीण लावली तेव्हा तिसरे पिल्लू काठावर होते. बघता बघता ते पुढे कलले, पडल्यासारखे झाले, आणि शेतावरून, आमच्या छपरावरून, डोंगराकडे निघून गेले. भाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांना दुर्बिणीची गरजच नव्हती. त्यांनी खांबाला हात टेकला आणि श्वास सोडला. "सुटलंय," ते म्हणाले. "आता कडी घालतंय."

दुपारी खोली भरलेली होती. कोणी पान जुळवत होते, कोणी गव्हले वळत होते. रोझालीन काकींचे केस विंचरत होती आणि काकी कशावर तरी इतक्या हसत होत्या की त्यांना ठसका लागला. भाई ती बातमी सांगायलाच दाराशी आले होते. त्यांना पाहून रोझालीनने फणी थांबवली.

"भाई, उडलें?"

सगळ्या बायका वळल्या. काकींनीही मान वळवली. त्यांचे हसू अजून तोंडावर होते, पण डोळे भाईंकडे लागले होते. भाई दारात उभे राहिले. मी त्यांच्या मागे होते. त्यांचा एक गाल हळूहळू वर चढला.

"खंय?" ते म्हणाले. "बसलेला आसा. भिता ता."

"बरें मरे," रोझालीन म्हणाली. "घाई कित्याक? पंख घट जांव दी." आणि तिने पुन्हा फणी फिरवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ससाणे डोंगराकडून येऊन शेतावर घिरट्या घालत होते. तिन्ही पिल्ले त्यांच्यामागे ओरडत उडत होती. भाईंनी खुराड्याची कडी काढली. उरलेली कबुतरे बाहेर पडली आणि वर गेली. भाईंनी मान वर केली नाही. दुपारच्या बायकांसाठी बाटल्या गार पाण्यात घालायच्या होत्या. ते क्रेट उचलून विहिरीकडे गेले.